न सांगितलेला नवस

अहो, खुर्ची फार उंच आहे. सकाळी बसले तर पाय जमिनीला टेकेनात. आधीचे डायरेक्टर सहा फुटांच्या वरचे, त्यांनी ती आपल्या मापाने वर चढवलेली, आणि खाली आणायचा खटका गंजून बसलेला. सगळ्या ऑफिससमोर मी शाळेतल्या पोरीसारखी पाय लोंबकळत ठेवून बसले होते. तुम्ही असतात तर कोपऱ्यातून नक्की म्हणाला असतात, "रिबका, खाली पाट आणून देऊ का?" आणि मी चिडले असते. आज कुणी काही म्हणालं नाही. सगळे फार अदबीने वागले. ट्रस्टींचे अध्यक्ष मार्व्हिन यांनी भाषण केलं, केक कापला, मी आभार मानले. येताना गाडीत हे सगळं सांगायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून घरी आल्या आल्या, चपलासुद्धा न काढता, लिहायला बसले आहे.

तर मी होकार दिला. तुम्हाला हे माझ्याच तोंडून कळायला हवं होतं. भांडण अर्धं राहिलेलं असताना एका बाजूने निकाल लावून टाकणं काही बरं नाही, हे मला कळतं. पण तुम्हीही सुनावणी सोडून मधेच निघून गेलात. मग मी करू काय?

माझ्या ऑफिसला तुम्ही कधी त्याच्या नावाने ओळखलं नाहीत. "म्हाताऱ्यांचं खातं" म्हणायचात. ह्यूस्टनच्या आपल्या ज्यू मंडळींना ते मुळीच आवडायचं नाही, पण कामाचं वर्णन म्हणून ते चोख होतं. टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी इथल्या लहान लहान गावांतली सिनेगॉग, तिथले रब्बी, प्रार्थना गाणारे हझान, मुलांना हिब्रू शिकवणाऱ्या बाई. जन्मभर दुसऱ्यांची लग्नं लावायची, दुसऱ्यांची मुलं शिकवायची, दुसऱ्यांच्या मयतीला उभं राहायचं. आणि म्हातारपणी आपल्याला काय, हे विचारायला कुणाला सुचत नाही. ते आमची संस्था विचारते. नफा कुणी खायचा नाही, फक्त या माणसांना शेवटपर्यंत आणि त्यांच्यामागे त्यांच्या नवऱ्याला किंवा बायकोला पेन्शन पोचतं ठेवायचं. गणित घेऊन पदवी मिळवलेली भायखळ्याची मुलगी मी. मला या कामात एवढा जीव कसा लागला, ते मलाही सांगता येत नाही. तुम्ही सांगायचात. "हिला लोकांच्या घरात डोकवायला आवडतं," म्हणायचात.

मला नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते तेव्हाची ती पार्टी आठवते? एका ट्रस्टींच्या बायकोने मला गोड आवाजात विचारलं, "तुम्ही ज्यू कधी झालात?" मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात तुम्ही हातातली बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "मॅडम, दोन हजार वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्यावर आमची बोट फुटली. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. तेव्हापासून आम्ही तिथेच आहोत. तुमची मंडळी पोलंडला कधी पोचली?" बाई हसल्या, पण मी आठवडाभर धास्तावलेली होते. त्याच बाईंनी नंतर मला घरी जेवायला बोलावलं आणि तुम्हाला बोट फुटल्याची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. दर खेपेला वादळ वाढत जायचं.

माझं तुमच्याशी नातं कसं, तर इंग्रजीत तुम्ही एझ्रा आणि घरात अहो. मुंबईला तुमचं नाव घ्यायची वेळच आली नव्हती. इथे ऑफिसात पहिल्यांदा "माय हजबंड एझ्रा" म्हणाले तेव्हा कानशिलं तापली होती. आणि तुमच्या मयतीत मला तुमचं नाव मोठ्याने, वडिलांच्या नावासकट सांगावं लागलं. रब्बींना ते ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

माझी कामाची रीत तुम्हाला पाठ होती. कुणी रिटायर होणार असेल तर मी त्याच्या गावी जायची, आणि नवरा-बायकोला दोघांनाही टेबलापाशी बसवल्याशिवाय कागद बाहेर काढायची नाही. एकट्या रब्बींची सही मी घेत नसे. पेन्शन आता जास्त घ्यायचं आणि मागे बायकोला काही ठेवायचं नाही, की आता थोडं कमी घेऊन तिचीही सोय करायची, हा निर्णय स्वयंपाकघरात लुडबुड करणाऱ्या बाईच्या पाठीमागे व्हायचा नाही. आणि कागद काढायच्या आधी मी दोघांना एकच प्रश्न विचारायची: "रिटायर झाल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी काय करणार?" पैशाचं, तब्येतीचं सगळ्यांनी ठरवलेलं असतं, सोमवारचं कुणी ठरवलेलं नसतं. रब्बी म्हणायचे, जेरुसलेमला जाणार. बायको त्याच क्षणी म्हणायची, डॅलसला मुलीकडे. मग दोघं एकमेकांकडे अशी बघायची, की आपलं लग्न नक्की कुणाशी झालंय? मी परतीच्या वाटेवर तुम्हाला हे रंगवून सांगायची आणि तुम्ही गाडी चालवता चालवता इतके हसायचात की मला स्टिअरिंगची भीती वाटायची.

आपला स्वतःचा पहिला सोमवार आला तो मात्र न सांगता. तेलाचे भाव कोसळले, कंपनीने पन्नाशीपुढच्या इंजिनिअरांना निरोपाची जेवणं घातली, आणि तुम्ही एका शुक्रवारी टेबलावरची कुंडी उचलून घरी आलात. "आमचे आजोबा रेवदंड्याला घाण्यावर तेल काढायचे," तुम्ही म्हणालात. "शनवार तेली. शनिवारी घाणा बंद. मी ह्यूस्टनला येऊन तेलच काढलं. आता सगळे वार बंद." सोमवारी सकाळी मी उठले तर ओट्यावर दोन डबे भरलेले. वर्षानुवर्षं सकाळचे डबे तुम्हीच भरायचात, हात आपला चालत राहिला होता. तुम्ही दोन्ही डब्यांकडे बघितलंत, माझा माझ्या हातात दिलात, आणि नंतर मला कळलं की दुपारी बरोबर जेवायच्या वेळेला स्वयंपाकघरात बसून तुम्ही आपला डबा डब्यातूनच खाल्लात. ताट घेतलं नाहीत. संध्याकाळी धुऊन ठेवलेले दोन डबे बघून मला गलबलून आलं होतं. तेव्हा मी ते बोलले नाही. आता बोलते.

मग तुम्ही माझे ड्रायव्हर झालात. ह्यूस्टनहून पूर्वेला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दलदल आणि पाइनची झाडं, गाडीत थर्मासचा चहा आणि तुमची बडबड. मी टेबलापाशी बसायची आणि तुम्ही त्या घरात फिरायचात. कुणाचा गळका नळ दुरुस्त केलात, कुणाच्या अंगणातल्या लिंबाला खत कुठलं घालायचं ते सांगितलंत. माझ्या लोकांना माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त आठवायचात. फोनवर आधी विचारायचे, एझ्रा येणार ना?

आणि त्याच प्रवासात तुमचं रेवदंडा सुरू व्हायचं. भावजींच्या वाडीला लागून आपला तुकडा आहे, तिथे दोन खोल्या, मागे विहीर, पुढे पडवी. हॉटेलात कॉफी आली की तुम्ही कागदी नॅपकिनवर नकाशा काढायचात. पडवी कधी पश्चिमेला असायची, कधी दक्षिणेला. एकदा मी म्हटलं, "या नकाशात मला स्वयंपाकघर दिसत नाही." तुम्ही म्हणालात, "आपण समुद्रावर मासे भाजू." मासे भाजायला कोळसा कोण आणणार यावर आपण बोमाँटपासून घरापर्यंत भांडलो. ते किती सुखाचं भांडण होतं हे मला तेव्हा कळलं नाही असं नाही. कळलं होतं. म्हणून तर मी ते मिटवत नव्हते.

खरं भांडण या वसंतात लागलं. आधीच्या डायरेक्टरांनी निवृत्ती जाहीर केली. ट्रस्टींपुढे दोनच वाटा होत्या: मला त्या जागी बसवायचं, नाहीतर सगळा कारभार उत्तरेकडच्या एका मोठ्या फंडाच्या हवाली करायचा. पेन्शन तिथूनही आलं असतं, वेळेवर आलं असतं. पण कुणी गाडी काढून त्या गावांत गेलं नसतं आणि दोघांना टेबलापाशी बसवलं नसतं. मार्व्हिन म्हणाले, "बेकी, तुझ्या हो-नाही वर आहे." ही बेकी म्हणजे मी, तीस वर्षांत माझं नाव या देशाला पुरतं उच्चारता आलं नाही.

मी घरी येऊन सांगितलं. तुम्ही भांडी घासत होता. हात थांबला नाही. "छान," म्हणालात. तुमचं हे 'छान' मला चांगलं माहीत आहे.

"छान म्हणजे काय?"

"म्हणजे छान. मॅडम डायरेक्टर होणार. रेवदंड्याची विहीर थांबेल, तिला कुठे जायचंय."

"चार-पाच वर्षांचाच तर प्रश्न आहे."

"तू टेबलापाशी बसवतेस ना त्या नवरा-बायकोला? ते सगळे हेच म्हणतात. चार-पाच वर्षं."

मी म्हटलं, तिथे आता आहे कोण? आपली सगळी माणसं इस्राएलला गेली. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, रेवदंड्याच्या सिनेगॉगात सणालासुद्धा दहा उभे राहत नाहीत. त्यावर तुम्ही नळ बंद केलात आणि हात पुसलेत. तुम्ही म्हणालात, "रिबका, लुइझियानातल्या प्रत्येक ओस पडणाऱ्या सिनेगॉगची तुला काळजी. मिसिसिपीत चार म्हातारे उरले तर तू तीनशे मैल गाडी काढतेस. मग आपलं ओस पडतंय तिथे कुणी जायचं?"

तुमचे वडील अलिबागच्या कोर्टात कारकून होते, म्हणून आपल्या घरात भांडण मिटत नसे, त्याला तारीख पडत असे. उन्हाळाभर आपण तारखांवर तारखा घेतल्या. जेवताना भांडलो, बाजारात भांडलो, आपली लेक रूथ सांता क्लाराहून फोन करायची तर दोन फोनवरून दोघं तिच्या कानात भांडलो. ती म्हणायची, "यू गाइज आर इम्पॉसिबल." आणि तरी रोज सकाळी माझा डबा भरलेला असायचा, पोळ्या नॅपकिनमध्ये गुंडाळलेल्या. त्या नॅपकिनवर कधी पडवीचा नकाशा असायचा. आता तुम्हीच सांगा, या माणसाला काय हवं होतं हे बायकोने कसं ओळखायचं?

त्यातच तुम्ही नवस बोललात. शुक्रवारी संध्याकाळी मी दिवे लावत होते आणि तुम्ही शेजारी उभं राहून सहज म्हणालात, "मी एलियाहू हन्नाबीला मलिदा बोललोय."

"कशासाठी?"

"पुरा झाला की सांगेन. आधी सांगितलेला नवस लागत नाही, आई म्हणायची."

मी हसले. मला आपला पहिला अमेरिकन मलिदा आठवला. रूथ होऊन महिना झाला होता, मलिद्याला भिजवलेले पोहे लागतात, आणि तेव्हा या गावात पोहे म्हटलं तर दुकानदार तोंडाकडे बघायचा. तुम्ही ओट्स आणलेत. भिजवलेत, साखर घातलीत, वेलची घातलीत, डब्यातलं सुकं खोबरं घातलंत, बाजूला पाच फळं मांडलीत, आणि तो चिकट गोळा ताटात घेऊन आपण दोघंच एलियाहूच्या नावाने बसलो. तुम्ही घास घेतलात आणि म्हणालात, "प्रेषित आहे, समजून घेईल." त्यानंतर आपण कितीतरी मलिदे केले, पण आपल्या घरात देवाची अशी थट्टा आणि अशी श्रद्धा एका ताटात बसली ती त्या दिवशी.

या वेळचा नवस मात्र तुमच्याजवळच राहिला. मला त्या शुक्रवारी खात्री होती की तो माझ्या नकाराचा आहे. बायकोला सुबुद्धी होवो, आमचं दोघांचं रेवदंड्याला जाणं होवो. दोन दिवसांनी तुम्ही माझी ऑफिसची निळी साडी इस्त्री करताना दिसलात, ट्रस्टींच्या मीटिंगसाठी, निऱ्यांवर पाणी शिंपडून शिंपडून. तेव्हा वाटलं, छे, नवस माझ्या खुर्चीचा असणार. मी तोंडावर विचारलं. तुम्ही इस्त्री उचलून म्हणालात, "साक्षीदाराला दमात घेऊ नये."

त्या मंगळवारी सकाळी तुम्ही मागच्या अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होता. ह्यूस्टनबाहेरच्या आपल्या शुगर लँडची ती ओली गरमी, सातलाच अंग चिकट. मी दारातून ओरडले, "मार्व्हिनना या आठवड्यात सांगायचंय. काय ते एकदा ठरवू या." तुम्ही झारी वर केलीत आणि म्हणालात, "संध्याकाळी पुढे बोलू. डबा विसरू नको." मी डबा घेतला आणि निघाले. एवढंच. आपण रागात नव्हतो. मी लोकांना हे मुद्दाम सांगते, कारण त्यांना वाटतं मला पश्चात्ताप असणार. पश्चात्ताप नाही. मला ती संध्याकाळ हवी आहे.

तुम्ही तिथेच, कुंडीशेजारी खाली बसलात म्हणे. शेजारच्या नलूताईंनी कुंपणावरून बघितलं. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा बोलायला काही उरलं नव्हतं.

मग दुखवट्याचे सात दिवस. आरसे झाकले, मी खाली बसले, माणसं येत राहिली. नलूताईंनी नागपूरचं सगळं पातळ वरण आपल्या घरात आणून ओतलं. पहिल्याच दिवशी त्या सुपरमार्केटमधली फुलं आणून, रात्रभर बसून ओवलेला हार घेऊन आल्या आणि फोटो शोधायला लागल्या. मी म्हटलं, आमच्यात फोटोला हार नसतो हो. त्या बिचाऱ्या हार हातात धरून उभ्याच. "मग मी याचं काय करू, रिबकाताई? भाऊजींसाठी केलाय." मी मागचं दार दाखवलं. त्यांनी तो कढीपत्त्याच्या कुंडीला घातला. दाढीवाले रब्बी खिडकीतून त्या झाडाकडे बराच वेळ बघत होते. तुम्ही त्यांना काय उत्तर दिलं असतंत, त्याचा विचार करून मला दुखवट्यात हसू आलं.

पण अहो, तुम्हाला काय हवं होतं हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक निघालं. मार्व्हिन म्हणाले, एझ्राची इच्छा होती की तू ही जागा घ्यावीस. रूथ म्हणाली, "मम, डॅड वुड हॅव वाँटेड यू टु टेक इट. ही वॉज सो प्राउड." नलूताई म्हणाल्या, "भाऊजींचा जीव गावात होता हो. तुम्ही जाऊन राहा तिथे, त्यांच्या आत्म्याला शांती मिळेल." भावजींचा अलिबागहून फोन आला, तेही तेच म्हणाले. गेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं. तुम्ही असताना यांतल्या एकाचीही हिंमत झाली नसती. मी कुणालाच उत्तर दिलं नाही. मला उत्तर एकालाच द्यायचं होतं.

शेवटच्या दिवशी फ्रीडा आली. लुइझियानातल्या त्या हझानची बायको. तुम्ही तिचा नळ दुरुस्त केला होतात. नवरा जाऊन तिला दोन वर्षं झाली, आणि ती या वयात एकटी गाडी चालवत आली, मागच्या सीटवर नूडल्सचा गोड पुडिंगसारखा कुगेल बांधून. माझ्या शेजारी बसली. तुम्हाला काय हवं होतं, हे तिने सांगितलं नाही. मीच विचारलं. तुम्ही तिच्या स्वयंपाकघरात तासन् तास बसायचात, तिला काही बोलला होतात का? ती आठवत राहिली. मग म्हणाली, "समुद्राकाठच्या घराबद्दल बोलायचा. आणि तुझ्याबद्दल, तू टेबलापाशी कशी बसतेस त्याबद्दल. दोन्ही सारख्याच हौसेने. मला वाटायचं, ती एकच गोष्ट आहे."

मग तिने मला माझाच प्रश्न विचारला. "बेकी, सोमवारी सकाळी काय करणार?"

माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "मिसिसिपीला जायचंय. त्या हिब्रूच्या बाई रिटायर होताहेत, नवऱ्याला ऐकू येत नाही, त्यांना समोर बसून सांगावं लागेल." एवढं बोलले आणि मला कळलं की मी काय बोलले. आणि मग सात दिवसांत पहिल्यांदा मी रडले, तिच्या मांडीवर डोकं ठेवून, मोठमोठ्याने, रूथ घाबरून धावत आली इतकी. रेवदंड्याची पडवी मला अगदी डोळ्यांसमोर दिसली, आणि तिच्यावर तुम्ही नव्हता. तुम्ही नसलेल्या रेवदंड्याला मी काय करू? पण माझ्या टेबलापाशी मात्र तुमची जागा आहे. गाडीत आहे, थर्मासमध्ये आहे, त्या सगळ्या दुरुस्त केलेल्या नळांत आहे. महिन्याचा दुखवटा संपल्यावर मी मार्व्हिनना फोन करून हो म्हटलं.

तेव्हा नवसाचा प्रश्न पुढे आला. बोललेला मलिदा तसाच ठेवायचा नाही, हे तर आपल्याकडे सगळेच मानतात. माणूस गेला तर घरच्यांनी फेडायचा. पण नवस पुरा झाला तर! तुम्ही माझी खुर्ची मागितली असेल, तर पुरा झाला, मलिदा द्यायलाच हवा. आणि रेवदंडा मागितलं असेल, तर तो पुरा झाला नाही, मीच होऊ दिला नाही. मग कुठल्या तोंडाने ताट मांडायचं? एलियाहूच्या पुढे खोटं बोलण्यासारखं ते. रब्बींना विचारलं. आधी त्यांना मलिदा समजावण्यात अर्धा तास गेला. मग ते मायेने म्हणाले, "मृत माणूस सगळ्या नवसांतून मोकळा असतो, बेकी." मी म्हटलं, तो मोकळा झाला हो, पण त्याच्या बायकोचं काय? 

गेल्या रविवारी मी मलिदा केला. हिलक्रॉफ्टवरच्या देशी दुकानांत आता पोहे मिळतात, जाडे आणि पातळ दोन्ही. नलूताईंनी नारळ खवून दिला. रूथ आली होती, तिने साखर-वेलची घातली आणि पाच फळं मांडली. सगळं ठीक चाललं होतं. ताट तयार झालं आणि माझा हात काही पुढे होईना. मी कपाटातून ओट्स काढले, चमचाभर भिजवले आणि पोह्यांत मिसळले. रूथ म्हणाली, "मम, व्हाट आर यू डूइंग?" मी म्हटलं, "एक मलिदा तुझ्यासाठी असाच झाला होता. प्रेषित आहे, समजून घेईल." मार्व्हिन आणि सिनेगॉगची माणसं होती, दहा पुरुष झाले, प्रार्थना झाली. मार्व्हिननी दोनदा मागून घेतला आणि विचारलं, हे कशाबद्दल? मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याच्या नवसाचा आहे." कसला नवस, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं मला माहीत आहे.

रेवदंड्याचा तुकडा विकणार नाही. भावजींना सांगितलंय, विहीर खोदा आणि माड लावा. त्याला फळ धरेपर्यंत माझीही सुटका होईल. मी नाही म्हटलेलं नाही, पुढची तारीख घेतली आहे. आणि तुमच्या त्या प्रश्नाला, आपलं ओस पडतंय तिथे कुणी जायचं याला, मी अजून उत्तर शोधते आहे. मिसिसिपीहून परत येताना थर्मासचा चहा एकटीने प्यायले, आणि तुमची बाजू आणि माझी बाजू मीच मांडत होते. तुमची बाजू मला नीट जमली नाही. तुमच्यासारखं हसून घाव घालणं मला येत नाही. मला तुमची फार फार आठवण येते हो.

खुर्चीखाली उद्या पाट ठेवणार आहे. डबा आता मीच भरते, आणि हात दोन डबे काढतो.

तर मलिदा दिला. तुम्ही माझ्या खुर्चीचा नवस बोलला असाल, तर तो फिटला, निश्चिंत राहा. आणि जर तो रेवदंड्याचा असेल, तर मी तुमच्या नावाने चुकीचं ताट मांडलंय, आणि याचा जाब फक्त तुम्हीच विचारू शकता. तेव्हा या आणि भांडा. मी संध्याकाळी घरीच असते.